उसनं भांडं

दोन हजार नऊच्या मार्चमधलं इतिवृत्त
माझ्याच हातचं आहे. निळी शाई, तिरकं अक्षर.
ठराव मांडला : व्हर्ना कोसिक. म्हणजे मी.
अनुमोदन : यूजीन ह्लाडिक, क्युरिंग विभाग, तिसरी पाळी.
तासाला तीन डॉलर चाळीस सेंट कमी,
महागाईभत्ता गोठवला,
नव्या पोरांना पेन्शन नाही,
दातांचा विमा बंद.
आणि या सगळ्याच्या आधी एक शब्द,
मी दोनदा अधोरेखित केलेला :
तात्पुरतं.

ब्रायर फॉल्सच्या बाहेर, नदी वळते तिथे
अजून टायर होतात.
काजळी कातडीत मुरते, साबणाला दाद देत नाही.
लग्नात मिळालेले उशांचे पांढरे अभ्रे
मी पहिल्याच वर्षी बांधून ठेवले.

त्या रात्री युनियनच्या हॉलमध्ये मी म्हणाले होते,
नाव बुडत असताना भाड्यावरून भांडू नये.
लोक हसले. हसले आणि हो म्हणाले.
चारशे बारा विरुद्ध एकशे नव्वद,
मतं मोजली तीही मीच.
ड्वेन सग्जनं मुलीचं कॉलेज एक वर्ष पुढे ढकललं,
ते वर्ष अजून संपायचं आहे.
मी डाव्या बाजूनं चावायचं सोडून दिलं.

नाव तरली.
तरली, आणि तिच्यावर मजले चढले.
आता टेबलापलीकडे कॅल्डर बसलाय,
माझ्या धाकट्याच्या वयाचा, एकसारख्या दातांचा.
नऊ साली तो शाळेत असणार, त्याला काय बोल लावायचा?
भिंतीवर आलेख लावतो. रेघ डोंगर चढते.
म्हणतो, कंपनी तुमची ऋणी आहे.
मी विचारते, किती?
तो म्हणतो, नाही, म्हणजे, भावना म्हणून.

ती भावना डिसेंबरात आली होती आमच्याकडे,
प्रत्येकी एक जाकीट, छातीवर कंपनीचं नाव.
माझ्या मापाचं नव्हतं.

बक्षीस हा शब्द त्याच्या कागदावर सहा वेळा आहे.
बक्षीस देणारा वर उभा असतो, कॅल्डर.
आम्ही तर शेजारी होतो.
तुमच्याकडे पीठ नव्हतं, आम्ही आमचा डबा खरवडून दिला.
आणि शेजारधर्म सगळ्या गल्ल्यांत एकच असतो :
मागून नेलेलं भांडं
रिकामं परत करू नये.

हे बोलले, आणि जीभ अडखळली.

इर्मा ह्लाडिकचं काचेचं भांडं
चौदा वर्षं माझ्या ओव्हनखालच्या खणात आहे.
त्या हिवाळ्यात माझ्या नवऱ्याचं ऑपरेशन होतं,
ती नूडल्स घालून घेऊन आली, वर फडकं बांधून,
स्वतःच्या घरी आठवड्याला दीड पगार कमी असताना.
यूजीनला अनुमोदनासाठी हात वर करायला
मीच डोळ्यानं खुणावलं होतं.
पुढे तो पेन्शनच्या आधी दोन महिने गेला.
दफनाला मी गेले. भांडं नेलं नाही.
काय भरून न्यायचं त्यात, सुचलं नाही,
मग उशीर झाला, मग फारच उशीर झाला,
मग तिचं घर टाळून दुसऱ्या रस्त्यानं जायची सवय झाली.

कॅल्डर वाट बघतोय. रात्रीचे पावणेदोन.
कॉफीवर साय धरली आहे.
ड्वेन टेबलाखालून माझ्या बुटाला बूट लावतो : बोल.

मी इतिवृत्ताची वही त्याच्या पुढ्यात सरकवते,
बोट ठेवते त्या शब्दावर, दोन रेघांच्या वर.
हे किती दिवसांचं असतं, सांग.
तो वाचतो. सोबतच्या वकिलाकडे बघतो.
पंधरा मिनिटं मागतो.

बाहेर गेटपाशी पिंपात लाकडं जळताहेत,
तिसरी पाळी आत जाता जाता खिडकीकडे बघते.
काही झालं का, असं कुणीतरी हातानंच विचारतं.
मी हातानंच सांगते, अजून नाही.

उद्या निकाल काहीही लागो,
खणातलं ते भांडं काढायचं आहे.
एक कान उडालाय त्याचा.
इर्माला नूडल्स चालतील का आता, तिला साखर आहे म्हणतात,
आधी फोन करून विचारावं लागेल.